फुलराणी असं कसं करेल?



मागच्या खेपेला आपण गटाच्या हिशोबवहीबद्दल बोललो. त्यानंतर तीन-चार जणींनी मला गाठून सांगितलं, ताई, दर वेळी वही नको, कधीतरी हसायचं काहीतरी सांगा. म्हणून आज सिनेमा. चाळीस वर्षांहून जुना, अगदी थोडक्या पैशात केलेला, खुनाचा, आणि तरीही पोट धरून हसवणारा. हिशोब त्यातही आहे, पण त्याकडे शेवटी येऊ.

सिनेमाचं नाव ‘जाने भी दो यारो’. हिंदी आहे. १२ ऑगस्ट १९८३ ला प्रदर्शित झाला, म्हणजे माझा जन्मही झाला नव्हता. मी तो पहिल्यांदा पाहिला ठाकूरद्वारला, मावशीच्या खोलीत, टीव्हीवर. बी.ए. करायला मी तीन वर्षं तिच्याकडे होते. चाळीतला दुसरा मजला, लांब गॅलरी, एक खोली आणि त्यातच ओटा. मावशी ऑफिसवाल्यांचे डबे करायची. सकाळी पाचला पोळ्यांचा पहिला तवा पडायचा आणि मी त्या आवाजाने उठायचे. अजूनही पोळीचा वास आला की मला परीक्षा आठवते.

ज्यांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चर्नी रोड स्टेशनला उतरून गिरगावात शिरलं की थोड्या चालीवर ठाकूरद्वारचा नाका लागतो. ठाकूरद्वार म्हणजे देवाचं दार, देवळावरूनच नाव पडलं. आजूबाजूला वाड्या, चाळी, पंचांगाची, पूजेच्या सामानाची, मसाल्याची दुकानं. आता तिथे जमिनीखालून मेट्रो धावते आणि चाळींच्या जागी उंच इमारती उठतायत. पण मी होते तेव्हा संध्याकाळी गॅलरीत खुर्च्या टाकून माणसं बसायची आणि एका खोलीतला टीव्ही चार खोल्या बघायच्या.

या गिरगावाचं आणि सिनेमाचं नातं फार जुनं. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लोकांना दाखवला गेला तो गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ ला लागला तोही गिरगावातच, मॅजेस्टिकला. फाळक्यांचं नाव आपण शाळेत पाठ करतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं नाव मात्र पुस्तकात एका ओळीत उरकतं. सिनेमासाठी पैसे कमी पडले तेव्हा दागिने गहाण पडले ते त्यांचे. कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची असत, तीही अंधारात, म्हणजे फिल्मवर उजेड पडून ती वाया जाऊ नये. ते काम त्यांनी केलं. जमलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच केला. कमी पैशातला सिनेमा म्हणजे काय हे त्या बाईला विचारायला हवं होतं. (गिरगावातच १९५९ मध्ये सात बायकांनी गच्चीवर ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्याचा पुढे लिज्जत झाला. ती गोष्ट वेगळी सांगेन, आज नको.)

मावशीला दोन नाद होते. एक बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा. झुंजार, काळा पहाड, असल्या नावांची छोटी पुस्तकं ती लग्नाआधीपासून वाचनालयातून आणून वाचायची. दुसरा नाटकाचा. साहित्य संघाचं नाट्यगृह घरापासून पायी अंतरावर. डब्यांचे पैसे आले की त्यातून तिकिटापुरते बाजूला काढायची. आणि तिचं दैवत होतं भक्ती बर्वे.

भक्ती बर्वे मूळच्या सांगलीच्या. लहानपणी सुधा करमरकरांच्या बालनाट्यांत कामं केली, पुढे आकाशवाणीवर निवेदन केलं. आपण आत्ता ज्या माईकपुढे बसून बोलतोय ना, तसल्याच माईकपुढे त्यांचा आवाज तयार झाला. १९७५ मध्ये पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ आलं. बर्नार्ड शॉच्या इंग्रजी नाटकावरून केलेलं. फुलं विकणारी मंजुळा, तिची गावरान बोली, आणि तिला शुद्ध बोलायला शिकवून मिरवणारा तो प्राध्यापक. मंजुळा त्याला शेवटी सुनावते, मी काय तुझं खेळणं आहे का, या अर्थाचं. ते भक्तीताईंनी असं केलं की मावशी सांगायची, आम्ही चाळीतल्या बायका घरी येताना रस्त्यात बोलतच नव्हतो. कुणाला कुणाची आठवण झाली असेल ती ज्याची त्याला ठाऊक.

तर एका रविवारी टीव्हीवर हा सिनेमा लागला आणि मावशी ओरडली, “अगं, भक्ती बर्वे आहे यात!” मी पुस्तक मिटलं. शेजारच्या काकू आणि त्यांचे मिस्टर दारात येऊन बसले.

गोष्ट थोडक्यात सांगते. विनोद आणि सुधीर असे दोन मित्र. प्रामाणिक, थोडे बावळट. कर्ज-उसनवारी करून फोटो स्टुडिओ काढतात, गिऱ्हाईक येत नाही. मग ‘खबरदार’ नावाच्या मासिकाची संपादक बाई त्यांना काम देते. तिचं नाव शोभा सेन, हेच भक्ती बर्वेंचं काम. काम काय, तर तरनेजा नावाचा बिल्डर आणि महापालिकेचा कमिशनर डिमेलो यांचं कंत्राटांचं साटंलोटं चोरून टिपायचं. तरनेजा म्हणजे पंकज कपूर, डिमेलो म्हणजे सतीश शाह. आहुजा नावाचा दुसरा बिल्डरही आहे, तो ओम पुरी. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे आपले दोन मित्र.

एकदा हे दोघे एका स्पर्धेसाठी बागेत फोटो काढतात. घरी अंधाऱ्या खोलीत धुतल्यावर एका फोटोत झाडांच्या मागे काहीतरी दिसतं. तो भाग मोठा करतात, आणखी मोठा करतात, तेव्हा पिस्तुल धरलेला माणूस दिसतो. आजच्यासारखं मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करायचं नव्हतं. प्रत्येक वेळी नवा कागद, नवं पाणी, पुन्हा वाट बघणं. १९६६ मध्ये अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने असाच एक सिनेमा केला होता, बागेतल्या फोटोत सापडलेल्या खुनाचा. त्याची आठवण म्हणून इथल्या बागेला त्याचंच नाव दिलंय. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही फक्त श्वास रोखून बसलो होतो.

खून झालेला असतो डिमेलोचा आणि केलेला असतो तरनेजाने. म्हणजे खून कुणी केला हे अर्ध्या वाटेतच कळतं. अर्नाळकर वाचणारी मावशी वैतागली, “मग रहस्य काय राहिलं?” पण खरी मजा त्याच्या पुढेच आहे. पुलाखाली दडवलेलं प्रेत या दोघांना सापडतं आणि हरवतं, आणि तिथून सगळे त्या प्रेतामागे धावायला लागतात. तरनेजाला ते लपवायचंय. आहुजाला ते तरनेजाला अडकवायला हवंय. शोभा सेनला ते हवंय, कारण त्याच्या जोरावर तरनेजाकडून पैसे उकळता येतात. नव्या कमिशनरलाही आपला वाटा हवाय. एवढ्या माणसांत फक्त दोघांना ते पोलिसांत द्यायचंय.

मधे दारूच्या नशेतला आहुजा रस्त्यात शवपेटीला धडकतो आणि त्याला वाटतं, आत बसलेल्या माणसाची गाडी बंद पडलीय. तो त्या प्रेताशी गप्पा मारतो, मदत करू का विचारतो, पेटी गाडीला बांधून ओढत नेतो. शेजारचे काका तर हसून हसून खाटेवर आडवे झाले.

आणि मग ते महाभारत. प्रेत घेऊन हे दोघे पळत पळत एका नाटकात शिरतात. स्टेजवर द्रौपदीवस्त्रहरण चाललेलं. द्रौपदीच्या साडीत गुंडाळलेलं असतं डिमेलोचं प्रेत. आता साडी ओढली तर सगळं उघडं पडणार. म्हणून दुर्योधनच भर सभेत सांगतो, वस्त्रहरण रद्द. दोन्ही बिल्डर मिळेल तो मुकुट चढवून स्टेजवर घुसतात, जो तो द्रौपदीवर हक्क सांगतो, आंधळा धृतराष्ट्र पुन्हा पुन्हा विचारतो हे काय चाललंय, आणि पुढे तर मोगल दरबारातली माणसंही येतात. आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’ १९८० मध्येच रंगभूमीवर आलं होतं, गावातल्या हौशी मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचा कसा बोजवारा उडवला त्याचं. मच्छिंद्र कांबळींनी ते पुढे जगभर नेलं. जत्रेत नाटक बघितलेल्या कुणालाही यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण मावशी हसत नव्हती. सगळे हसत असताना ती एकटीच पडद्याकडे बघत होती आणि सिनेमा संपल्यावर म्हणाली, “फुलराणी असं कसं करेल?”

मी म्हटलं, “मावशी, ती फुलराणी नाही, काम आहे ते.”

“कळतं मला. तरी पण. सुरुवातीला वाटलं, एवढ्या पुरुषांत एक बाई आहे, ती तरी धरून ठेवेल.”

सिनेमाचा शेवट असा, की सगळे मोठे लोक आपसात मिटवून घेतात. पूल कोसळतो, त्याच मेलेल्या कमिशनरचं नाव दिलेला पूल, आणि त्याचा आळ या दोन फोटोग्राफरांवर येतो. तुरुंगाच्या कपड्यांत दोघे भर रस्त्याने चालत येतात, मागे ‘हम होंगे कामयाब’ वाजत असतं, आणि आपल्याकडे बघून ते गळ्यावरून हात फिरवतात. कापले गेलो, अशी खूण. आपण शाळेत झेंडावंदनाला जे समूहगीत म्हणायचो तेच. त्यानंतर कित्येक दिवस ते गाणं कानावर आलं की मला कसंतरी व्हायचं.

हे असलं कुणाला का सुचलं असेल, हे समजायला तेव्हाची मुंबई बघायला हवी. सिमेंटवर तेव्हा सरकारचं नियंत्रण होतं, परमिटशिवाय पोतं मिळत नसे. जुन्या बायकांना आठवत असेल, घराचा चौथरा बांधून वर्ष वर्ष थांबायला लागायचं. १९८१ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की बिल्डरांना जास्तीचं सिमेंट मिळतं आणि त्याबदल्यात एका ट्रस्टला देणग्या जातात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. खटले पुढे वर्षानुवर्षं चालले, शिक्षा झाली नाही. त्याच महिन्यात, १८ जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. परळ-लालबागच्या अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या घरी पगार थांबला. आपल्या कोकणातल्या, साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या कितीतरी घरांची मनिऑर्डर त्या वर्षी बंद झाली. गिरण्या पडल्या आणि पुढे त्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. सिनेमा घडला तो या दिवसांत, याच शहरात. बिल्डर, कमिशनर, पूल, कंत्राट हे शब्द तेव्हा रोज पेपरात होते. सिनेमाने त्यात फक्त एक प्रेत घातलं.

आता पैशाचं. दिग्दर्शक कुंदन शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, आणि हा त्यांचा पहिलाच मोठा सिनेमा. हैदराबादेत त्यांच्या ओळखीच्या दोघांनी फोटोग्राफीचा धंदा काढला होता आणि तो बुडाला होता, तिथून गोष्ट सुचली. सुधीर मिश्रांबरोबर पटकथा लिहिली. पैसे दिले राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे सरकारी संस्थेने. सगळा सिनेमा सात लाखांच्या आसपास झाला. आठ वर्षांपूर्वीच्या ‘शोले’ला तीन कोटी लागले असं म्हणतात, त्यावरून अंदाज घ्या. नसीरुद्दीन शाहांना पंधरा हजार मिळाले आणि तेच सगळ्यांत जास्त. बाकीच्यांना पाच-सहा हजार, कुणाला तीन. सिनेमात दिसणारा कॅमेरा नसीरुद्दीन यांचा स्वतःचा होता आणि तोही चित्रीकरणात चोरीला गेला. जेवायला माणसं वाढली की डाळीत पाणी वाढायचं, असंही सांगतात. खर्चाचा हिशोब बघणारे विधू विनोद चोप्रा, त्यांनीच शेवटी दुःशासनाचा वेश चढवला. बाहेरचा नट आणला तर त्याला पैसे द्यावे लागले असते ना! गटाचं स्नेहसंमेलन केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ज्याच्याकडे कॅशबॉक्स त्यालाच शेवटी पडदाही ओढावा लागतो.

आणि या सगळ्याला आकार दिला एका बाईने. संकलक रेणू सलुजा. संकलक म्हणजे चित्रीकरण झालेले शेकडो तुकडे बघून कुठला ठेवायचा, कुठला टाकायचा, कुठे कापायचा हे ठरवणारी. विनोदात हे फार नाजूक असतं, तुकडा जरा लांबला तरी हसू सुकतं. पुण्याच्याच इन्स्टिट्यूटमध्ये त्या शिकल्या, पुढे त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि २००० मध्ये कॅन्सरने गेल्या. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नसतं, कारण पडद्यावर नाव येतं तेव्हा आपण उठून चपला शोधत असतो. सरस्वतीबाईंचं आणि यांचं काम एका अर्थी सारखंच, फिल्म हातात धरून अंधारात बसायचं.

थिएटरांत हा सिनेमा फार गाजला नाही. कुंदन शाहांना पहिल्या चित्रपटाच्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, रवी बासवानींना विनोदी भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं. पण लोकांना तो कळला तो पुढे टीव्हीवर आणि व्हिडिओ कॅसेटींवर. २०१२ मध्ये प्रत नवीन करून तो पुन्हा थिएटरात लावला. आता त्यातली बरीच माणसं नाहीत. भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ ला मुंबई-पुणे रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेल्या. मावशीने त्या दिवशी डबे केले नव्हते, हे तिनेच मला सांगितलं होतं. रवी बासवानी, ओम पुरी, कुंदन शाह, सतीश कौशिक, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात सतीश शाह. प्रेताचं काम करणं सोपं वाटतं, पण इतका वेळ डोळे न हलवता लोकांना हसवत राहणं सोपं नाही.

इथपर्यंत सिनेमा. आता मी तुम्हाला जे सांगणार आहे ते मी रेडिओवर कधी बोलले नव्हते.

मी या कामात आले त्याच्या तिसऱ्या वर्षी एका गावात अंगणवाडीची खोली अर्धवट होती. भिंती छातीएवढ्या, वर पत्रा नाही, आत रानटी झुडपं. कागदावर काम पूर्ण आणि बिल निघालेलं. आमच्या गटातल्या बायकांनीच हे शोधलं, कारण त्यांचीच पोरं देवळाच्या ओसरीवर बसत होती. आम्ही फोटो काढले. एकेक भिंत, पाटी, तारीख दिसेल असा वर्तमानपत्राचा कागद हातात धरून. मला तेव्हा विनोद-सुधीर आठवले नाहीत, याचं आज नवल वाटतं.

मग प्रश्न आला द्यायचे कुणाला. मी म्हटलं, तालुक्याला एक ताई आहेत, बातम्या देतात, धाडसी आहेत, बाईमाणूस आहे, आपलं दुखणं कळेल. एकीने विचारलं, आधी ग्रामसभेत मांडूया का? मी म्हटलं, तिथे गोंधळ होईल, गुप्त राहू द्या. फोटोंचं कार्ड मी त्या ताईंच्या हातात दिलं. दुसरी प्रत ठेवली नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमच्यासारख्या पोरी हव्यात. मला इतकं बरं वाटलं!

महिना गेला. बातमी नाही. फोन केला की मीटिंगमध्ये. मग एके दिवशी कंत्राटदार आमच्या गटाच्या बैठकीला स्वतः आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. अगदी गोड बोलला. ताई, काही अडचण असेल तर थेट मला सांगायचं, असं म्हणाला आणि मोबाईल पुढे केला. त्यात आमचाच फोटो होता. कोपऱ्यात माझ्या ओढणीचं टोक आलं होतं, पिवळं, बांधणीचं. मी ते ओळखलं. त्याने मी ओळखलंय हे ओळखलं. पेढे आम्ही खाल्ले नाहीत, पण परतही केले नाहीत. तशी हिंमतच झाली नाही.

त्या रात्री मी मावशीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. म्हणाली, “मला त्या सिनेमाचं हसू का आलं नव्हतं, ते आता तुला कळलं.” आणि मग विचारलं, “तुम्ही बायका किती आहात गटात?” मी म्हटलं, बारा. “आणि कार्ड एक?” एवढंच विचारलं आणि गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवला.

मी पुष्कळ दिवस त्या ताईंवर चिडून होते. अजूनही आहे थोडी. पण सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा एक गोष्ट दिसली जी पहिल्यांदा दिसली नव्हती. विनोद-सुधीर शेवटपर्यंत फोटो आणि प्रेत घेऊन एकेका माणसाकडे जातात. या संपादक बाईकडे, मग साहेबाकडे, मग पोलिसांकडे. भर नाटकात एवढे प्रेक्षक समोर बसलेले असतात, आणि त्यांना खरं काय ते कुणी सांगत नाही. लोक हसत राहतात, त्यांना वाटतं नाटकच आहे. १९८३ मध्ये त्या दोघांकडे दुसरा मार्गही फारसा नव्हता म्हणा. सरकारी कागद मागायचा हक्कच नव्हता. जे हवं ते चोरून टिपायचं. आपल्या राज्यात माहिती अधिकाराचा कायदा आला २००२ मध्ये आणि देशाचा लागू झाला १२ ऑक्टोबर २००५ पासून. त्यासाठी माणसांनी उपोषणं केली. तो वापरला म्हणून माणसं मेलीही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, जमिनींचे व्यवहार उघडे करणारे, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तेव्हा कायदा आहे म्हणजे भीती संपली असं मी तुम्हाला सांगणार नाही.

अंगणवाडीचं पुढे असं झालं. आम्ही नव्याने फोटो काढले, या वेळी सहा मोबाईलवर. ग्रामसंघाच्या इतिवृत्तात ठराव लिहिला आणि सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. माहिती अधिकारात तीन कागद मागितले: कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिलं. अर्जावर माझं एकटीचं नाव नव्हतं. पाच जणींनी पाच अर्ज केले, एकाच मजकुराचे, म्हणजे कुणा एकीच्या घरी पेढे जायला नकोत. तीस दिवसांची मुदत असते, आम्हाला उत्तर आलं पंचावन्नाव्या दिवशी, अपील केल्यावर. मोजमाप पुस्तिकेत त्या खोलीला पत्रा होता, खिडक्या होत्या, रंगसुद्धा होता. सरूबाई, ज्यांना अक्षर ओळखता येत नाही, त्यांनी विचारलं, “रंग कोणता लिहिलाय?” ग्रामसभेत आम्ही ते पान मोठ्याने वाचलं आणि त्या ओळीला सगळी सभा हसली. पहिल्यांदाच कंत्राटदार हसला नाही.

खोली झाली. दीड वर्षाने झाली. पैसे कुणी परत भरले, भरले की नाही, त्याचा कागद आम्ही अजून मागतोय. त्या ताईंशी माझी एकदा एसटी स्टँडवर गाठ पडली. त्यांनी नमस्कार केला, मीही केला. गाडी लागलेली होती.

मावशी आता ठाकूरद्वारला नाही. चाळ पाडली, तिला दुसरीकडे भाड्याच्या खोलीत राहावं लागतंय, नवी इमारत होईपर्यंत. करारनामा तिने मला वाचायला पाठवला होता, सव्वीस पानं. मी तिला म्हटलं, एकटीने सही करू नकोस, मजल्यावरच्या सगळ्यांना एकत्र बसव आणि कुणालातरी मोठ्याने वाचायला लाव. ती म्हणाली, तेच केलंय, तुझ्या आधी.

आता एक निरोप. येत्या दहा तारखेच्या बैठकीनंतर शाळेच्या मोठ्या खोलीत आपण हा सिनेमा दाखवणार आहोत. सव्वादोन तासांचा आहे, तेव्हा जेवून या आणि लहान पोरांना घरी झोपवून या. हिंदी जड वाटलं तर मी मधे मधे सांगेन. शोभा सेन पडद्यावर आली की मावशीला व्हिडिओ कॉल लावायचं मी कबूल केलंय. बॅटरी आणि पडद्याची चादर आणण्याचं काम दुर्गा गटाकडे आहे, त्यांनी विसरू नये.

नमस्कार.